चर्चास्थळावर कोणती कळ हवी, कोणती नको?

प्रतिनिधी, नाशिक

गोदाघाटावरील यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात भरणारी वसंत व्याख्यानमाला ही १९२२ पासूनची परंपरा. व्यासपीठ एका बाजूस, श्रोते समोर आणि ध्वनिक्षेपक वक्त्यापुढे, अशी मांडणी असल्याने कोणी बोलावे आणि कोणी ऐकावे याविषयी तेथे कोणासही शंका पडत नाही. व्याख्यान आटोपल्यावर तीच मंडळी घोळक्याने घाटावर उभी राहिली, की मात्र चर्चेचे रूप पालटते. तिघे एकदम बोलतात, चौथा निघून जातो, एखाद्याचा आवाज चढला की शेजारी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. माणसे तीच असतात. बदलते ती जागा.

संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर भरणाऱ्या चर्चेस ना व्यासपीठ असते ना घाट. तेथे जागेचे काम संगणकप्रणाली करते. प्रतिसाद कोठे उमटावा, तो पुसता यावा का, न आवडल्यास नापसंती नोंदविता यावी का, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे प्रणाली बसविणारा आधीच देऊन ठेवतो आणि पुढची अनेक वर्षे हजारो माणसे त्या उत्तरांनुसार वागतात. एखादी गृहनिर्माण संस्था, माजी विद्यार्थ्यांची संघटना किंवा वाचनालय असे चर्चास्थळ उभारू लागते, तेव्हा प्रणाली बहुधा फुकट मिळते आणि तिच्यात सोयींची रेलचेल असते. खरा निर्णय असतो तो त्यांतल्या कोणत्या बंद ठेवायच्या, हा. या बाबतीत मराठी माणसाचा अनुभव सुमारे तीन दशकांचा आहे आणि तो पुष्कळ शिकविणारा आहे.

आधी अक्षर, मग चर्चा

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, १९९६ च्या गणेशचतुर्थीला, अमेरिकेतून 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले आणि त्यावरील 'हितगुज' हा विभाग परदेशस्थ मराठी मंडळींचा पार बनला. पुढे २००४ मध्ये 'मनोगत', २००७ मध्ये 'उपक्रम' व 'मिसळपाव' आणि २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे' अशी एकेक भर पडत गेली. इंग्रजी चर्चास्थळांच्या चालकांना जो प्रश्न कधीच पडला नव्हता, तो या सर्वांपुढे पहिला होता. लोकांनी लिहायचे कसे?

तोवरचे संगणकीय मराठी हे 'शिवाजी', 'किरण', 'श्री-लिपी' यांसारख्या टंकांवर अवलंबून होते. प्रत्येक टंकाची अक्षरयोजना निराळी. लिहिणाऱ्याकडे असलेला टंक वाचणाऱ्याकडे नसला, तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांचा सडा दिसे. युनिकोडमुळे प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक मिळाला. परंतु क्रमांक मिळाल्याने कळफलक बदलत नाही. सी-डॅकच्या पुढाकाराने आलेली 'इनस्क्रिप्ट' ही शासनमान्य मांडणी शिकण्याची तयारी फार थोड्यांची होती. कार्यालयातल्या इंग्रजी कळफलकावर बसून जेवणाच्या सुट्टीत दोन ओळी खरडू पाहणाऱ्या माणसाने आधी टंकलेखनाचा वर्ग लावावा, ही अपेक्षाच अव्यवहार्य होती.

म्हणून मराठी चर्चास्थळांनी लेखनाच्या चौकटीतच लिप्यंतराची सोय बसविली. रोमन कळा दाबाव्यात आणि देवनागरी उमटावी. 'मनोगत'ने तर शुद्धलेखन तपासणारी सुविधाही पुरविली. बाहेरून पाहणाऱ्यास ही एक शोभेची कळ वाटेल. प्रत्यक्षात ज्यांनी शाळा सुटल्यापासून मराठीत चार ओळी लिहिल्या नव्हत्या, असे असंख्य अभियंते, डॉक्टर आणि गृहिणी याच चौकटीत पुन्हा लिहू लागले. ही सोय नसती, तर बाकीच्या कोणत्याही सोयीचा प्रश्नच उद्भवला नसता.

चर्चेची परिभाषाही याच मंडळींनी घडविली. विषयाला 'धागा', उत्तराला 'प्रतिसाद', विषय सोडून केलेल्या टिपणीला 'अवांतर', खासगी संदेशाला 'व्यनि' म्हणजे व्यक्तिगत निरोप. 'खरडवही' अथवा मायबोलीवरील 'विचारपूस' ही सदस्याच्या दारावर टांगलेली पाटी. व्यनि म्हणजे बंद पाकीट. हा भेद प्रणालीत स्पष्ट असल्याने कोणते बोलणे चारचौघांत करायचे आणि कोणते एकट्याला गाठून, हे नवख्यालाही उमगे. एकाच माणसाने दुसऱ्या नावाने घेतलेल्या सदस्यत्वाला 'डुआयडी' हे नाव पडले. त्याचा उपद्रव इतका, की शब्द घडणे अपरिहार्यच होते.

फांद्या की सरळ रांग?

प्रतिसादांची मांडणी कशी असावी, हा या क्षेत्रातला सर्वांत जुना वाद. एका पद्धतीत प्रत्येक प्रतिसाद काळाच्या क्रमाने एकाखाली एक येतो. दुसरीत तो ज्याला उद्देशून आहे त्याच्याखाली थोडा आत सरकून बसतो आणि चर्चेला झाडासारख्या फांद्या फुटतात. बेल्जियममधील अँटवर्प येथील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या सूचनाफलकापासून वाढलेली आणि जानेवारी २००१ मध्ये सर्वांस खुली झालेली 'द्रुपल' ही प्रणाली बहुतेक मराठी स्थळांनी स्वीकारली. तिच्यात दोन्ही पर्याय होते.

फांद्यांचा लाभ उघड आहे. 'तुम्ही कोणाला म्हणालात?' हा प्रश्न उरत नाही. पण तोटा तितकाच मोठा. दोन हट्टी माणसे एका फांदीवर चढून बसली, की पंधराव्या प्रतिसादापर्यंत मजकुराची रुंदी चार शब्दांवर येते. शिवाय नवा प्रतिसाद पानाच्या मध्येच कोठेतरी उगवत असल्याने तो शोधावा लागतो. मराठी स्थळांना हा तोटा अधिक जाणवला, कारण त्यांचे वाचक पृथ्वीच्या दोन बाजूंना होते. नाशिकचा सदस्य निजायला जाई तेव्हा न्यू जर्सीतला चहाचा पेला घेऊन बसे. सकाळी उठून पाहावे तो धाग्यात चाळीस प्रतिसादांची भर. अशा वेळी 'नवीन' ही इवलीशी लाल खूण आणि शेवटच्या भेटीनंतर किती भर पडली हे सांगणारा आकडा, या दोन गोष्टी अन्य कोणत्याही सजावटीपेक्षा मोलाच्या ठरल्या.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ जोएल स्पॉल्स्की यांनी २००३ मध्ये आपल्या चर्चास्थळाविषयी लिहिताना वगळलेल्या सोयींचीच कारणे दिली होती. फांद्या नाहीत, आधीचा मजकूर उद्धृत करण्याची कळ नाही, उत्तर आल्याचे ई-पत्राने कळविणे नाही. प्रतिसादाची जागाही पानाच्या अगदी तळाशी ठेवलेली. बोलायचे तर आधीचे सारे वाचून खाली यावे लागेल, हा त्यामागील हेतू. ई-पत्राने कळविण्याची सोय माणसाला स्थळावर परत येण्याचे कारणच हिरावून घेते, असे त्यांचे म्हणणे होते. आज प्रत्येक उपयोजन दर मिनिटास मोबाइल वाजविते. त्या काळजीला जगाने फारशी दाद दिली नाही, इतके नक्की म्हणता येईल.

एका अंगठ्याचा अर्थ

सर्वांत निसरडा निर्णय मात्र मांडणीचा नव्हे, तो पसंतीच्या कळेचा. फेसबुकने 'लाइक'ची कळ २००९ मध्ये आणली. दाबायला सोपी, मोजायला त्याहून सोपी. पण तिचा अर्थ काय? मी सहमत आहे? वाचले आहे? लिहिणारी माझी मैत्रीण आहे? की दुःखद बातमी कळली, एवढेच?

हा प्रश्न तात्त्विक नाही, हे महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१२ मध्ये पाहिले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्याविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर टिपणी केली. दुसरीने ती 'लाइक' केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. दुसरीने लिहिलेला शब्द हा तेथे मुद्दाच नव्हता; एक कळ दाबली गेली होती आणि तिचा अर्थ कळ बनविणाऱ्याने नव्हे, दाबणारीनेही नव्हे, तर तिसऱ्यानेच ठरविला होता. देशभर टीका झाली, प्रकरण पुढे बंद झाले. याच घटनेच्या पार्श्वभूमीवर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम '६६ अ' ला आव्हान देण्यात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केले.

पसंतीच्या कळेचा याहून विचारपूर्वक पर्याय मराठीतच उपलब्ध होता. 'ऐसी अक्षरे'वर प्रतिसादांना श्रेणी देण्याची पद्धत आली. 'मार्मिक', 'माहितीपूर्ण', 'रोचक', 'विनोदी' या चढत्या बाजूच्या. 'अवांतर', 'निरर्थक', 'खोडसाळ', 'भडकाऊ' या उतरत्या. कल्पना मूळची 'स्लॅशडॉट' या १९९७ पासूनच्या अमेरिकी संकेतस्थळाची. तेथे नेहमीच्या वाचकांतून काहींना आळीपाळीने मोजके गुण वाटण्याचा अधिकार मिळे आणि तो थोड्या दिवसांत वापरला नाही, तर लयास जाई. प्रतिसादाचे मूल्य उणे एक ते पाच या मर्यादेत राही. वाचकाने आपला उंबरठा तीनवर ठेवला, की त्याखालचे सारे त्याच्यापुरते झाकले जाई. पुसले मात्र काहीच जात नसे. सदस्याच्या खात्यावर साचणाऱ्या पतीस तेथे 'कर्म' म्हणत. 'ऐसी अक्षरे'ने त्याचे 'पुण्य' केले. विनोदी प्रतिसादाने स्लॅशडॉटवर हसू मिळे, कर्म वाढत नसे. नियम रूक्ष खरा, पण प्रत्येक धाग्याची जत्रा होऊ नये म्हणून आवश्यक.

या पद्धतीचा गुण असा, की 'मला पटले नाही' अशी श्रेणीच त्यात नाही. विरुद्ध मत मांडणाऱ्यास खाली ओढायचे, तर त्याला 'खोडसाळ' किंवा 'भडकाऊ' ठरवावे लागते आणि त्यासाठी मनाला क्षणभर तरी विचारावे लागते. अर्थात माणसे विचारतातच असे नाही. गट करून एकमेकांना 'मार्मिक' वाटणे हा प्रकार श्रेणी आली की येतोच, आणि कोणी कोणती श्रेणी दिली हे उघड करावे की झाकावे, यावरही तितकेच भांडण होऊ शकते. तरीही निव्वळ वर-खाली बाण किंवा एकटा अंगठा यांपेक्षा ही रचना उजवी आहे. ती वाचकाकडून मत मागत नाही, वर्णन मागते.

लिहिलेले पुसणे

रागाच्या भरात लिहिलेला मजकूर मागे घेता यावा, असे प्रत्येकाला वाटते. पण प्रश्न विचारणाऱ्याने उत्तरे आल्यावर मूळ प्रश्नच बदलला, तर खालचे सारे उत्तरकर्ते वेडे ठरतात. द्रुपलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये यावर एक साधा तोडगा होता. प्रतिसादास कोणी उत्तर देईपर्यंत लेखकाला तो दुरुस्त करता येई. पहिले उत्तर आले, की कुलूप. त्याच प्रणालीत प्रतिसाद प्रसिद्ध करण्यापूर्वी तो एकदा पाहणे मुळात सक्तीचे असे. ही पायरी अनेक चालकांनी त्रासदायक म्हणून काढून टाकली. त्यांनी वाचविलेला एका टिचकीचा वेळ पुढे भांडणे निस्तरण्यात खर्ची पडला असेल, तर नवल नाही.

संपादकाच्या हाती काय?

प्रत्येक चर्चास्थळावर कोणाच्या तरी हाती कात्री असतेच. ती किती लांब असावी, यावर मराठी स्थळांनी निरनिराळे मार्ग पत्करले. कोठे चालकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय लेखन प्रसिद्ध होत नसे, कोठे सदस्यांतूनच संपादक नेमले गेले. पूर्वतपासणीने भाषा सभ्य राहते, पण गप्पांची लय तुटते. रात्री दहाला टाकलेली कोटी दुसऱ्या दिवशी दुपारी उमटली, तर तिला कोण हसणार? उलट नंतर छाटणी करणाऱ्या संपादकावर पक्षपाताचा आरोप ठरलेलाच. प्रतिसाद उडविला तर त्या जागी 'संपादित' अशी खूण ठेवावी. तो गुपचूप नाहीसा करू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे आरोप कमी होतात.

कात्रीच्या लांबीला कायद्याचीही बाजू आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका व्हॉट्सॲप समूहाच्या चालकावर, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल गुन्हा नोंदला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. त्यामागील तर्क प्रणालीच्या सोयींवरच उभा होता. समूहचालकास सदस्य घेता वा काढता येतात. पण मजकूर पडण्याआधी तो तपासण्याची वा रोखण्याची सोय त्याच्या हाती नाही. समान हेतू दिसत नसताना इतरांच्या लिखाणाचे उत्तरदायित्व त्याच्यावर टाकता येणार नाही. पुढे २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने समूहचालकास कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुभा दिली. मजकूर पडण्याआधीची तपासणी आणि पडल्यानंतरचे पुसणे या भिन्न गोष्टी असल्या, तरी 'माझ्या हाती काहीच नव्हते' हे वाक्य उच्चारणे त्या दिवसापासून थोडे अवघड झाले. सोसायटीच्या समूहाचे चालकत्व हौसेने स्वीकारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नोंदणीचा मुद्दा त्यामानाने सोपा. खरे नाव मागितले तर घरचे, कार्यालयातले विषय बोलायला माणसे कचरतात. काहीच मागितले नाही तर डुआयडींचे पीक येते. टोपणनाव चालावे, पण ते टिकाऊ असावे, यावर बहुतेक ठिकाणी अनुभवाने एकमत झाले. सदस्याच्या पानावर त्याचे सदस्यत्व किती जुने आहे, हे दाखविणारी ओळ येथे फार कामाची. दोन तासांपूर्वी आलेला सभासद दहा वर्षांपूर्वीच्या भांडणाचे दाखले देऊ लागला, की जाणकार त्या ओळीकडे पाहत आणि काय ते समजत.

वाहून जाणारे आणि उरणारे

मायबोलीवर 'वाहते पान' नावाची एक खास सोय रूढ झाली. गप्पांच्या अशा पानावर ठरावीक संख्येइतकेच ताजे संदेश राहतात, जुने आपोआप वाहून जातात. पाऊस, डबा, लोकलची गर्दी यांविषयीच्या बोलण्याला कायमचे दप्तर कशाला? हा विवेक आजच्या अनेक मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींत उशिरा आला. मात्र पाककृती, प्रवासवर्णने, आजारपणातले अनुभव, व्याकरणावरचे वाद हे वाहत्या पानावर पडले की गेलेच. म्हणून पान उघडतानाच ते वाहते की स्थिर, हे ठरवावे लागते.

स्थिर पानांवर जे उरते, ते सापडले पाहिजे. येथे पुन्हा देवनागरी आडवी येते. 'ॲसिडिटी'तले पहिले अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे दाखल झाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या लेखकांनी कोणी 'ऍ' वापरला, कोणी 'अ'वर चंद्र चढविला. डोळ्यांना तिन्ही जवळपास सारखे. शोधयंत्राला तीन निरनिराळे शब्द. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र हाही दोन तऱ्हांनी साठविला जातो. परिणामी २००६ मधील एखादा उत्तम धागा आज शोधणाऱ्याला 'काहीही सापडले नाही' असे उत्तर मिळते, आणि धागा तर तेथेच असतो. शोधण्याआधी ही रूपे एकसारखी करून घेणे प्रणालीकाराला अवघड नाही. फक्त त्याला हा प्रश्न ठाऊक असावा लागतो. परदेशात बनलेल्या प्रणालीकडून तशी अपेक्षा धरता येत नाही.

एका सोयीची मागणी मात्र सदस्य सहसा करीत नाहीत. ती म्हणजे सारा मजकूर एकगठ्ठा बाहेर काढून ठेवण्याची. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्यावर मराठी समूह होते. याहू ग्रुप्सवरील साठविलेला मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये हटविण्यास सुरुवात झाली आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाच संपली. ज्यांनी मुदतीत आपापली प्रत उतरवून घेतली, त्यांचेच समूह उरले. प्रणाली निवडताना निर्यातीची कळ कोठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारावे, ती दाबून मिळालेली फाइल उघडून पाहावी आणि तिच्यातली मराठी अक्षरे शाबूत आहेत की प्रश्नचिन्हे झाली आहेत, याची खात्री करून मगच सदस्य नोंदणी सुरू करावी.